आपोआप

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. आई नव्वदीला टेकलेली, मंगळवेढ्याला भावाकडे, मी पुण्यात. या वयाची आई दुसऱ्या गावी असली की रात्रीच्या फोनला एकच अर्थ उरतो. उशाशी चाचपडले, चष्मा खाली पडला, फोन कानाला लावला. पलीकडून घोगरा आवाज आला, "सुऱ्या, गाडी कुठं लावलीस?"

मी सुऱ्या नाही हे त्याला सांगितलं. "सॉरी ताई," म्हणून त्यानं फोन ठेवला. त्याचं काम तिथं संपलं, पण माझ्या छातीत मात्र ढोल वाजत राहिला. फोन चुकून आलाय, आई मंगळवेढ्यात गाढ झोपलीय, हे डोक्याला केव्हाच कळलं होतं. छातीला ते कळायला वेळ लागला. स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, ओट्याला टेकून उभी राहिले आणि जुन्या खोडीनं मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजली. एकशे बारा. दहा मिनिटांनी पुन्हा मोजली तेव्हा शहात्तर.

कुणी उतरवली ती? मी तर काहीच केलं नव्हतं. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना बघत होते, इतकंच.

कनिष्ठ महाविद्यालयात मी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. अॅड्रिनॅलिनवर मी फार रंगून बोलायचे. भीती, मूत्रपिंडांवरच्या त्या टोपीसारख्या ग्रंथी, रक्तात सुटणारं संप्रेरक, धडधडणारं हृदय, यकृतातून सुटणारी साखर. फळ्यावर बाणच बाण निघायचे. एका वर्षी, बहुधा पावसाळी सत्रात, खिडकीशी बसणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, पण हे सगळं बंद कोण करतं?"

मी म्हणाले, "ते आपोआप होतं."

तेवढ्यात घंटा झाली. घंटेनं मला तीस वर्षांत किती वेळा वाचवलं याचा हिशेब नाही.

'आपोआप' हा आपल्या भाषेतला मोठा लबाड शब्द आहे. दूध आपोआप उतू जातं, पोरं आपोआप मोठी होतात, आणि घरातली कामं तर आपोआपच होतात. हे शेवटचं वाक्य मी फक्त पुरुषांच्या तोंडून ऐकलं आहे. ज्याच्यामागचं माणूस बघायचं नसतं तिथं आपण हा शब्द ठेवून देतो. त्या मुलीच्या बाबतीत मी तेच केलं. खरं सांगायचं तर लपवण्यासारखंही माझ्याकडे फार नव्हतं. पुस्तकात सुरू होण्याला अडीच पानं होती आणि बंद होण्याला एक ओळ. निवृत्तीनंतर, पेपर तपासायचे संपल्यावर, मी त्या एका ओळीच्या मागे लागले.

अॅड्रिनॅलिन हृदयाच्या पेशीत शिरत नाही. ते दारातच थांबतं. पेशीच्या पटलात सात वेळा आतबाहेर ओवलेलं एक प्रथिन असतं, त्याला ग्राही म्हणतात. अॅड्रिनॅलिन त्याच्या बाहेरच्या तोंडात बसलं की आतली बाजू किंचित वाकते. आत, पटलाला चिकटून, जी-प्रथिन बसलेलं असतं. त्याचे तीन भाग: अल्फा, बीटा, गॅमा. अल्फाच्या पोटात, दोन पाळ्यांच्या मध्ये घट्ट धरलेला, जीडीपी नावाचा एक रेणू असतो (अर्थसंकल्पातला नव्हे, हा ग्वानोसिन डायफॉस्फेट). वाकलेला ग्राही अल्फाच्या पाळ्या सैल करतो आणि जीडीपी निसटतो. पेशीत जीडीपीपेक्षा त्याचा तीन फॉस्फेटवाला भाऊ जीटीपी कितीतरी जास्त असतो, म्हणून रिकाम्या जागेत बहुतेक वेळा तोच येऊन बसतो. तो बसला की अल्फाचे काही दुवे ताठ होतात, बीटा-गॅमाशी असलेली गाठ सुटते, आणि अल्फा पटलाच्या आतल्या बाजूनं सरकत जाऊन पुढच्या विकराला (एन्झाइमला) जागं करतो. ते विकर सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू तयार करू लागतं. मग धडधड.

इथपर्यंत मी शिकवत असे. आता ती एक ओळ.

अल्फा प्रथिन हे स्वतःच एक विकर आहे. ज्या जीटीपीमुळे ते जागं झालं तोच जीटीपी ते तोडतं. पोटात बसलेल्या त्या रेणूच्या तिसऱ्या फॉस्फेटसमोर एक पाण्याचा रेणू येतो. ग्लुटामिन नावाचं एक अमिनो आम्ल त्या पाण्याला नीट तोंड करून उभं करतं. आर्जिनिन नावाचं दुसरं अमिनो आम्ल, धन भाराचं, सुटू पाहणाऱ्या फॉस्फेटला पलीकडून सांभाळून धरतं. पाणी घाव घालतं, तिसरा फॉस्फेट सुटतो, जीटीपीचा पुन्हा जीडीपी होतो. ताठलेले दुवे ढिले पडतात, अल्फा विकराला सोडतो आणि बीटा-गॅमाकडे परत येतो. बाहेरून कुणी 'बस' म्हणालेलं नसतं. जागं करणाऱ्याच्या हातात फक्त जागं करणं असतं. निजायची वेळ अल्फानं येतानाच पोटात बांधून आणलेली असते.

या विकराचा वेग बघून मी चकित झाले. आपल्या तांबड्या पेशींत कार्बन डायऑक्साइडला पाण्याशी जोडणारं एक विकर आहे, ते सेकंदाला कित्येक लाख रेणू उरकतं. हा अल्फा मात्र मिनिटाला जेमतेम तीन-चार जीटीपी तोडतो. एकेका रेणूला पंधरा-वीस सेकंद. कारखान्यात असा कामगार पहिल्याच आठवड्यात घरी बसला असता. पण इथं ही मंदगतीच कामाची आहे. पटकन तुटलं तर निरोप पोचायच्या आत विझेल. तुटलंच नाही तर विझणारच नाही. त्या पंधरा सेकंदांत अल्फा पुढच्या विकराला कामाला लावतो, ते सायक्लिक एएमपीचे ढीग घालतं, आणि मग दिवा मालवतो. रक्तात अॅड्रिनॅलिन शिल्लक असेल तर तो पुन्हा पेटतो, पुन्हा मालवतो. ओट्याला टेकून मी जे ऐकत होते ती एक सलग धडधड नव्हती. असंख्य दिवे लागत होते, विझत होते, आणि रक्तातलं अॅड्रिनॅलिन जसं ओसरत गेलं तसे लागणारे कमी होत गेले.

हे कळायला माणसांना बरीच वर्षं लागली. मार्टिन रॉडबेल हे अमेरिकेत बेथेस्डाला उंदराच्या यकृतातली पटलं घेऊन काम करत होते. सत्तरच्या आसपास त्यांना उमगलं की संप्रेरकाचा निरोप आत जायला जीटीपी लागतो. आधी ते लक्षात आलं नव्हतं, कारण प्रयोगासाठी बाजारातून आणलेल्या एटीपी या रसायनातच जीटीपीची भेसळ होती. भेसळीमुळे प्रयोग व्यवस्थित चालत होता आणि म्हणूनच कळत नव्हता. पुढे आल्फ्रेड गिलमन यांनी ते मधलं प्रथिन वेगळं काढलं. गिलमन यांचं मधलं नाव गुडमन. वडिलांनी औषधशास्त्राचं गाजलेलं पाठ्यपुस्तक ज्या मित्राबरोबर लिहिलं त्याचं आडनाव. पुस्तकाची पहिली आवृत्ती 1941 ची आणि मुलाचा जन्मही 1941 चा. पाठ्यपुस्तकावरून नाव ठेवलेला माणूस म्हणून त्यांची चेष्टा व्हायची. त्यांच्याच प्रयोगशाळेत आणखी एक गंमत झाली. फ्लोराइड टाकलं की जी-प्रथिन जागं होतं हे जुनं निरीक्षण होतं, पण ते कधी जमायचं, कधी नाही. 1982 मध्ये कळलं की फ्लोराइडला जोडीला अॅल्युमिनिअम लागतं, आणि ते गुपचूप काचेच्या परीक्षानळ्यांतून झिरपत होतं. ती जोडी जीडीपीच्या शेजारी बसून तिसऱ्या फॉस्फेटचं सोंग घेते आणि प्रथिन फसतं. त्या वर्षी मी एम.एस्सी.ला होते, दिवसाला शंभर परीक्षानळ्या धूत होते, आणि काचेतून काही झिरपत असेल असा संशयसुद्धा मला आला नव्हता. 1994 चं नोबेल रॉडबेल आणि गिलमन यांना मिळालं.

बंद होण्याचा शोध मात्र जेरुसलेमचा. डॅन कॅसल आणि झ्वी सेलिंगर यांनी 1976 मध्ये टर्की पक्ष्याच्या तांबड्या पेशींची पटलं घेऊन दाखवलं की संप्रेरक आलं की जीटीपी तुटू लागतो. हे तुटणं म्हणजेच विझणं. पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, तिच्याकडे मी येणारच आहे. मला तिच्याकडेच यायचं होतं. पण वाटेत खंडाळ्याचा घाट लागतो.

डेक्कन क्वीन बोगद्यात शिरते, अंधार होतो, आणि बाहेर आल्यावर ऊन डोळ्यांवर आदळतं. क्षणभर मिचकावतो, की दरी पुन्हा जिथल्या तिथं दिसू लागते. त्या क्षणभरात डोळ्यांतलं एक जी-प्रथिनच काम करत असतं. तिथं पंधरा सेकंदांची ऐट परवडणार नाही. प्रत्येक दृश्य पंधरा सेकंद रेंगाळलं तर माणूस रस्ता ओलांडू शकणार नाही. म्हणून डोळ्यात त्याला घाई करायला लावणारं दुसरं प्रथिन असतं. ते स्वतः जीटीपी तोडत नाही. अल्फाला खांद्याला धरून नीट बसवतं, इतकंच, आणि तुटण्याचं काम सेकंदाच्या लहानशा भागात उरकतं. अशा घाई करवणाऱ्या प्रथिनांचं एक कुटुंबच आहे, आरजीएस नावाचं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ते सापडलं. डोळ्यातलं आरजीएस-9 ज्यांच्यात जन्मतः बिघडलेलं असतं अशा नेदरलँड्समधल्या काही रुग्णांची हकिगत 2004 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांची नजर चांगली असते, पण उजेड एकदम बदलला की काही सेकंद काहीच दिसत नाही. अंगावर येणारा चेंडू त्यांना नीट दिसत नाही. आधीचं विझल्याशिवाय नवं दिसत नाही, असं ते प्रकरण आहे.

आता ते आर्जिनिन. अल्फाच्या साखळीत दोनशे एकाव्या जागेवरचं. फॉस्फेटला सांभाळून धरणारा हात म्हणू या त्याला. हा हात गेला तर दिवा लागतो पण मालवत नाही. गर्भ अगदी मोजक्या पेशींचा असताना त्यातल्या एखाद्या पेशीत नेमकं हे आर्जिनिन बदललं, तर त्या पेशीच्या वंशावळीपुरतं ते आयुष्यभर बदललेलं राहतं. मॅक्यून-अल्ब्राइट असं त्या विकाराचं नाव. कातडीवर कॉफीच्या रंगाचे चट्टे, हाडं ठिसूळ, आणि कधीकधी दोन-तीन वर्षांच्या मुलीला पाळी. कुठलंही संप्रेरक हाका मारत नसतं. पेशी ओ देत असते.

आणि याच आर्जिनिनवर बाहेरून कुणीतरी झडप घालतं.

कॉलरा हा शब्द माझ्या आजोळी नव्हता. पटकी म्हणत, जरीमरी म्हणत, आणि भांडणात शिवी द्यायची झाली तर वाखा. भीमेकाठचं गाव. आषाढी झाली, वारी परतली की लोक आठ-पंधरा दिवस जीव मुठीत धरून असत. पटकी आली की मरीआईचा गाडा काढायचा, नवा, लाकडाचा, वाजतगाजत शिवेपर्यंत न्यायचा आणि शिवेपलीकडे सोडून यायचा. पलीकडच्या गावानं मग त्याचं काय करायचं ते करावं. विहिरीत काही टाकत, नदीवर पहारा ठेवत. 1884 मध्ये रॉबर्ट कॉखनं कलकत्त्यात या रोगाचा स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू दाखवला होता. तरी साठेक वर्षांनी माझ्या आजोळी गाडाच निघत होता, आणि खरं तर जंतू माहीत असणाऱ्यांनाही माणूस नक्की कशानं मरतो ते माहीत नव्हतं.

ते दाखवलं शंभुनाथ डे यांनी, कलकत्त्यातच, 1959 मध्ये. सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून बांधायचा आणि त्यात पटकीचे जंतू वाढवलेलं पाणी सोडायचं, पण जंतू पूर्ण गाळून काढलेलं. एकही जिवंत जंतू नाही, तरी आतडं पाण्यानं टम्म फुगलं. म्हणजे मारणारं विष आहे. जंतू ते नुसतं बनवतो. साधी साधनं, साधा विचार. या माणसाचं नाव मी विद्यार्थी म्हणून कधी ऐकलं नाही आणि शिक्षक म्हणून कधी सांगितलं नाही. याची मला लाज वाटते. 1985 मध्ये ते वारले.

आणि कॅसल-सेलिंगर यांची राहिलेली गोष्ट ती ही: 1977 मध्ये त्यांनी दाखवलं की पटकीचं विष जीटीपीचं तुटणं थांबवतं. हे विष आतड्याच्या पेशीत शिरतं आणि त्या आर्जिनिनवर एक बोजड तुकडा चिकटवून देतं. हात बांधला. अल्फा जागा होतो तो जागाच राहतो. सायक्लिक एएमपी वाढत जातं, पेशीच्या आतड्याकडच्या बाजूची क्लोराइडची दारं सताड उघडी राहतात, क्लोराइड बाहेर पडतं, त्याच्यामागे सोडिअम, आणि त्यांच्यामागे पाणी.

आमच्या सोसायटीत पंप चालू करून वॉचमन झोपला की पहाटे गच्चीवरून पाण्याचा धबधबा सुरू होतो. टाकी फुटलेली नसते, नळ गळत नसतो, मोटरही उत्तम चालत असते. बंद करणारा हात तेवढा जागेवर नसतो. पटकीत आतड्याला जखम होत नाही, भोक पडत नाही. पेशी सुरू होताना अगदी नियमानं सुरू होते. तांदळाच्या धुवणासारखं पाणी जात राहतं, वाईट वेळी तासाला एक लिटरपर्यंत, आणि धडधाकट माणूस सकाळचा संध्याकाळी नसतो.

जो वाचतो त्याच्यातही तो बांधलेला हात सुटत नाही. आतड्याच्या अस्तराच्या पेशी चार-पाच दिवसांत गळून जातात आणि नव्या येतात. लागून राहिलेले दिवे त्या पेशींबरोबरच वाहून जातात. मधले ते चार-पाच दिवस माणूस तगला पाहिजे, एवढाच प्रश्न असतो. तो प्रश्न सुटला तो आतड्यातल्या दुसऱ्या एका दारामुळे. साखर आणि मीठ बरोबर आले तर दोघांनाही आत घेणारं ते दार. विष त्याला हात लावत नाही. साखर-मीठ आत गेलं की मागोमाग पाणीही आत. 1971 मध्ये बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावण्यांत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून आईबापांच्याच हातात पेले दिले. तीस टक्क्यांच्या घरातले मृत्यू तीन-चार टक्क्यांवर आले. भारत सरकारनं त्यांना पद्मविभूषण दिलं ते 2023 मध्ये, ते गेल्यावर.

करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात आई माझ्याकडे पुण्यात अडकली होती. दिवसभर टीव्हीवर साथीच्या बातम्या. एका दुपारी तिनं आवाज बंद केला आणि पटकीच्या वर्षाचं सांगू लागली. ती तेव्हा सात-आठ वर्षांची. धाकटी बहीण चार वर्षांची, जी माझी मावशी झाली असती. सकाळी लागण झाली. लोक म्हणाले, पोटात पाणी ठरत नाही, वरून द्याल तर आणखी जाईल. थेंब देऊ नका. मोठी माणसं गाड्याच्या तयारीत होती. माझ्या आईला आजीनं बहिणीपाशी राखणीला बसवलं आणि बजावलं, कितीही मागितलं तरी पाणी द्यायचं नाही.

"मागत होती का?" मी विचारलं.

"तर. दुपारपर्यंत मागत होती."

मग मी तिला सगळं सांगितलं. वर्गात सांगायचे त्यापेक्षा सावकाश. आर्जिनिन म्हणाले नाही, हात म्हणाले. बांधलेला हात, सताड उघडी दारं, आणि विषानं न शिवलेलं ते एक दार. ती नीट ऐकत होती. मध्येच तिनं कानामागचं यंत्र सारखं केलं.

"म्हणजे पाणी द्यायला पाहिजे होतं," ती म्हणाली.

"नुसतं नाही गं. मीठ आणि साखर घालून."

"साखर कुठली त्या वेळी, लढाई चालू होती."

"गूळ चालला असता."

आई बराच वेळ मुक्या टीव्हीकडे बघत राहिली.

"मीठ होतं," ती म्हणाली. "गूळ पण होता. माझ्या हाताला येईल असा, फडताळात."